एक विमान, दोन वह्या

व्यापाराच्या कामासाठी, एखाद्या लग्नकार्यासाठी किंवा हस्तिनापूरच्या यात्रेच्या वाटेवर महाराष्ट्रातून दिल्लीला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. लाल किल्ला, कुतुबमिनार, चांदणी चौकातील लाल मंदिर अशी त्यांची ठिकाणे बहुधा ठरलेली असतात. ज्या विमानतळावर ही मंडळी उतरतात, त्याच्याच परिसरालगत पालम येथे भारतीय हवाई दलाचे संग्रहालय आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाकडे वळणारे प्रवासी मात्र थोडेच. युद्धसामग्री पाहण्यात सर्वांनाच रस असतो असे नाही, आणि ज्यांच्या घरात अहिंसेचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे त्यांना तो कमीच असणार. तरीही येथे एक विमान असे आहे की, ते पाहताना हिशेबी मनाच्या माणसाला आपल्या ओळखीचाच एक प्रश्न समोर येतो. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी दोन वह्यांत वेगवेगळ्या असतील, तर खरी शिल्लक कोणती मानावी?

संग्रहालयातील विमाने पाहत जाताना देशाच्या हवाई दलाचा इतिहास क्रमाने उलगडतो. वेस्टलँड वापिती हे दोन पंखांचे विमान म्हणजे १९३० च्या दशकातील आरंभ. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातील लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट. १९४२ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर क्रमांक १ च्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करणाऱ्या के. के. मजुमदार यांच्या तुकडीकडे लायसँडरच होती. याच संग्रहात ‘ओका’ हे जपानी यंत्रही आहे. मोठ्या बाँबफेकी विमानाच्या पोटाला बांधून ते लक्ष्याजवळ नेत आणि तेथे सोडून देत. आत बसलेल्या तरुणाने १२०० किलो स्फोटकांसह शत्रूच्या जहाजावर आदळायचे, एवढेच त्याचे काम. परतीची सोय यंत्रात मुळीच केलेली नाही. ते पाहून क्षणभर कोणाचेही मन सुन्न होते.

या सर्वांमध्ये एक चिमुकले जेट विमान आहे. लांबी ८.७४ मीटर, म्हणजे दोन मोटारी एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढी. पंखांचा विस्तार ६.७३ मीटर. शेपटाचे टोक जमिनीपासून जेमतेम आठ फुटांवर. याचे नाव ‘नॅट’, म्हणजे चिलट. त्याच काळातील हंटर विमान १४ मीटर लांबीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नावातील विनोद आणि अभिमान दोन्ही कळतात. भारतीय हवाई दलाच्या १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या कथांत हे विमान मानाच्या जागी आहे. ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ ही म्हण त्याला सहज लागू पडते. परंतु कीर्तीचा हिशेब मूर्तीच्या हिशेबाइतका सोपा नसतो.

काटकसरीतून जन्मलेले विमान

नॅटचा जन्म इंग्लंडमधील हॅम्बल या गावी फॉलंड कंपनीत झाला. त्याचे रचनाकार विल्यम एडवर्ड पेटर हे त्या काळातील नामांकित अभियंते होते. पालमच्या संग्रहातील लायसँडर हीदेखील त्यांचीच रचना, आणि भारतीय हवाई दलाने दीर्घकाळ वापरलेल्या कॅनबेरा बाँबफेकी विमानाचे मूळही त्यांचेच. म्हणजे भारताच्या आकाशाशी पेटर यांचा संबंध तीन परींनी जुळलेला आहे.

१९५० च्या सुमारास जेट विमाने दरवर्षी अधिक जड, अधिक गुंतागुंतीची आणि अधिक महाग होत चालली होती. पेटर यांनी उलटा प्रश्न विचारला. लढाऊ विमानाला खरोखर कशाची गरज आहे, आणि कशाशिवाय त्याचे चालू शकते? वजन कमी केले की लहान इंजिन पुरते. इंजिन लहान म्हणजे इंधन कमी. इंधन कमी म्हणजे पुन्हा विमान लहान. काटकसरीचे हे चक्र दुकानदारीतही ओळखीचे आहे. अनावश्यक माल काढून टाकला की जागाही कमी लागते आणि भांडवलही कमी अडकते. नॅटमध्ये एका भागाकडून दोन कामे करून घेण्याची हातोटी ठिकठिकाणी दिसते. उड्डाणात वेग कमी करण्यासाठी निराळे गतिरोधक बसवण्याऐवजी चाकेच अर्धवट खाली सोडायची आणि त्यांच्या झाकणांकडून ते काम करून घ्यायचे, ही युक्ती त्यांपैकीच एक. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा इंजिनाला हवा पुरवणाऱ्या दोन बाजूंच्या मार्गांलगत बसवल्या होत्या.

‘मिज’ नावाचा पहिला नमुना ऑगस्ट १९५४ मध्ये उडाला, आणि ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस इंजिनावर चालणारे खरे नॅट १८ जुलै १९५५ रोजी. ब्रिटिश हवाई दलाने मात्र एकआसनी लढाऊ नॅट स्वीकारले नाही. त्याने पुढे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान तेवढे घेतले, आणि ‘रेड अॅरोज’ या प्रसिद्ध कसरतपथकाने १९६५ ते १९७९ या काळात त्यावर कसरती केल्या. लढाऊ रूपातील नॅट घेणारे देश तीनच. फिनलंडने थोडी घेतली, युगोस्लाव्हियाने परीक्षणापुरती दोन घेतली, आणि भारताने ते आपले केले.

भारताचा निर्णय खरेदीपुरता नव्हता. सप्टेंबर १९५६ मध्ये परवाना करार झाला आणि बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात ते बांधण्याचे ठरले. अवजड आणि खास यंत्रसामग्रीशिवाय बांधता येईल अशी त्याची रचना होती, ही गोष्ट नव्याने उद्योग उभारणाऱ्या देशाला फार मोलाची वाटली. हवाई दलाचे पहिले नॅट जानेवारी १९५८ मध्ये भारतात आले ते स्वतः उडत नव्हे, तर सी-११९ या मालवाहू विमानाच्या पोटात बसून. इंग्लंडहून आलेले भाग जोडून बनवलेले पहिले विमान १८ नोव्हेंबर १९५९ रोजी बंगळूरला उडाले. उत्पादन १९७४ च्या आरंभापर्यंत चालू राहिले.

पेटर यांची पुढची कथा थोडी वेगळी आहे. १९५९ मध्ये फॉलंड कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली, आणि त्यानंतर लवकरच त्यांनी विमानांची दुनिया कायमची सोडली. ते कुटुंबासह स्वित्झर्लंडमधील एका धार्मिक समुदायात राहावयास गेले. एकाहून एक वेगवान युद्धविमाने आखणारा हा माणूस पुन्हा त्या व्यवसायाकडे फिरकला नाही. १९६८ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या नॅटने एक युद्ध पाहिले होते.

३ सप्टेंबर १९६५

१ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाड्यांनी चढाई केली. त्यांना थोपवण्यासाठी पठाणकोटहून जुनी व्हँपायर विमाने पाठवण्यात आली, आणि त्यांतील चार त्या एका संध्याकाळी गमावली. पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीची सेबर विमाने होती. त्यांच्यापुढे व्हँपायर टिकणे शक्य नव्हते. तेव्हा क्रमांक २३ च्या स्क्वाड्रनची नॅट विमाने घाईने पठाणकोटला आणण्यात आली.

३ सप्टेंबरच्या सकाळी आखलेला डाव व्यापारी भाषेत सांगायचा तर नमुना दाखवून गिऱ्हाईक जवळ बोलावण्याचा होता. मिस्टिअर जातीची विमाने पाकिस्तानी रडारला दिसतील अशा उंचीवरून पुढे गेली, आणि नॅट जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून मागोमाग निघाली. सेबर पुढे आली, मिस्टिअर माघारी वळली आणि नॅट वर उसळली. या झुंजीत स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना एक सेबर पाडल्याचे श्रेय मिळाले. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा हा हवाई झुंजीतील पहिला विजय म्हणून नोंदला गेला. कीलर यांना वीरचक्र मिळाले. १९ सप्टेंबर रोजी त्यांचे बंधू डेन्झिल कीलर यांनीही एका झुंजीत यश मिळवले आणि त्यांनाही वीरचक्र देण्यात आले. त्याच झुंजीत मायादेव या वैमानिकाचे नॅट मात्र कोसळले, आणि ते युद्धकैदी झाले.

ही झाली भारताच्या वहीतील नोंद. पाकिस्तानच्या वहीत ३ सप्टेंबरची नोंद निराळी आहे. तिच्यानुसार कीलर यांनी ज्यावर मारा केला ते सेबर जायबंदी झाले खरे, पण त्याच्या वैमानिकाने ते कसेबसे तळावर परत नेले. गोळ्या लागल्या, विमान फाटले, वैमानिक झुंज सोडून निघाला, याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. वाद आहे तो शेवटच्या बेरजेबद्दल. व्यवहार एकच आहे. एका पेढीने तो पूर्ण वसुली म्हणून लिहिला आणि दुसरीने अंशतः.

कराचीतील नॅट

त्याच ३ सप्टेंबरच्या सकाळी आणखी एक घटना घडली आणि तिच्यामुळे पालमच्या विमानाला एक सख्खा भाऊ सीमेपलीकडे मिळाला. स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचे नॅट झुंजीच्या गडबडीत सहकाऱ्यांपासून तुटले आणि पाकिस्तानातील पसरूर येथील धावपट्टीवर उतरले. सिकंद युद्धकैदी झाले. विमान धड स्थितीत पाकिस्तानच्या हाती पडले, आणि पुढे पाकिस्तानी वैमानिकाने ते तेथून उडवत नेले. आज आयई १०८३ क्रमांकाचे ते विमान कराचीत, शाहराह-ए-फैसल या हमरस्त्यावरील पाकिस्तानी हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

कराची हे नाव महाराष्ट्रातील आणि गुजरातेतील जुन्या पेढ्यांना परके नव्हते. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि मुंबई व कच्छ-काठेवाडचा कराचीशी समुद्रमार्गे व्यापार चाले. कापूस, धान्य, हुंड्या यांची ये-जा होत असे. आज त्या शहरात जाणे भारतीय प्रवाशाला सहज शक्य नाही. त्यामुळे पालमचे नॅट पाहणारे लाखो भारतीय आणि कराचीचे नॅट पाहणारे लाखो पाकिस्तानी एकमेकांचे नॅट कधी पाहत नाहीत. एका ठिकाणी ते शौर्याचे स्मारक आहे. दुसऱ्या ठिकाणी ते विजयचिन्ह आहे. पत्रा तोच, इंजिन तेच, आसन तेवढेच अरुंद.

पसरूरच्या घटनेच्याही दोन नोंदी आहेत. पाकिस्तानी कथन असे की, त्यांच्या स्टारफायटर या अतिवेगवान विमानाने नॅटला गाठले आणि सिकंद यांना उतरून शरण येण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. भारतीय बाजूचे कथन असे की, सिकंद यांच्या विमानातील उपकरणे निकामी झाली होती, इंधन संपत आले होते, आणि समोर दिसलेली धावपट्टी आपलीच समजून ते उतरले. पहिल्या कथनात शत्रूचे कर्तृत्व आहे, दुसऱ्यात दैवाचा फेरा. शेवटी उरते ती एवढीच गोष्ट की, एक माणूस एकटाच, परक्या भूमीवर, विमानाची काच उघडून बाहेर आला. त्या क्षणी त्याच्या मनात काय होते, याची नोंद कोणत्याही फलकावर मावत नाही.

येथे हेही सांगितले पाहिजे की, विजयचिन्हे मांडण्याची हौस एकाच बाजूला आहे असे नाही. पालमच्या आवारातही युद्धात हाती आलेला पाकिस्तानी रणगाडा ठेवलेला आहे, आणि लहान मुले त्याच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. त्या रणगाड्यातही कोणी बसलेले होते.

स्वस्ताईची दुसरी बाजू

नॅटला भारतात ‘सेबर स्लेअर’, म्हणजे सेबरांचा कर्दनकाळ, असे बिरुद मिळाले. भारतीय नोंदींनुसार १९६५ च्या युद्धात नॅट विमानांनी सात सेबर पाडली. पाकिस्तानने मान्य केलेला आकडा याहून कमी आहे. नेमकी संख्या बाजूला ठेवली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. आकाराने लहान, वळण्यात चपळ आणि नजरेस पडायला अवघड असे हे विमान त्याच्याहून मोठ्या आणि जड विमानाला पुरून उरू शकत होते. हवेतल्या झुंजीत जो आधी दिसतो तो बहुधा आधी मरतो. चिलटाचे लहानपण हेच त्याचे चिलखत होते.

परंतु खरेदीची किंमत आणि खरा खर्च यांत अंतर असते, हे ज्याने एखादे जुने यंत्र स्वस्तात घेतले आहे त्याला सांगावे लागत नाही. नॅट उडवायला जितके आनंददायी, तितकेच सांभाळायला कटकटीचे. एवढ्याशा देहात सर्व यंत्रणा दाटीवाटीने कोंबलेल्या असल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांचे हात आत जात नसत. शेपटाच्या नियंत्रणातील द्रवदाब यंत्रणेचे दोष वर्षानुवर्षे सतावत राहिले आणि त्यांपायी अपघातही झाले. ऐन झुंजीत तोफा अडकण्याचे प्रसंग आले. शत्रू समोर, नेम अचूक आणि चाप ओढल्यावर काहीच घडत नाही, ही वैमानिकाची अवस्था कल्पनेनेही अस्वस्थ करते. इंधन थोडे असल्याने झुंजीत घालवायला मिनिटेही मोजकीच मिळत.

हे सर्व दोष ओळखून हिंदुस्थान कारखान्याने पुढे त्याच विमानाची सुधारलेली आवृत्ती तयार केली. तिचे नाव ‘अजित’. पंखांतच इंधनाच्या टाक्या बसवून पल्ला वाढवला, नियंत्रणयंत्रणा सुधारली. अजित विमाने १९९१ पर्यंत सेवेत होती. परक्याने आखलेली वस्तू वापरता वापरता तिच्यातील उणिवा शोधून ती आपल्या गरजेनुसार घडवणे, हे त्या काळातील भारतीय कारागिरांचे आणि अभियंत्यांचे यश होते. युद्धातील विजयांइतकी त्याची वाहवा होत नाही. कारखान्यात हातांना ग्रीस लावून काम करणाऱ्यांना चक्रे मिळत नाहीत.

बोयरा आणि श्रीनगर

१९७१ च्या युद्धाची अधिकृत घोषणा होण्यापूर्वीच, २२ नोव्हेंबर रोजी, बंगालमधील बोयरा गावाच्या परिसरात नॅटची एक मोठी झुंज झाली. डमडमहून उडालेली क्रमांक २२ च्या स्क्वाड्रनची चार नॅट विमाने पाकिस्तानी सेबरवर तुटून पडली. वैमानिक होते मॅसी, गणपती, लाझरस आणि सोआरिस. काही मिनिटांत झुंज आटोपली. भारताने तीन सेबर पाडल्याची नोंद केली. पाकिस्तानच्या नोंदीत दोन गेली आणि तिसरे जायबंदी होऊन परतले. पाकिस्तानी वैमानिकाने एक नॅट पाडल्याचा दावा केला, पण चारही नॅट तळावर सुखरूप उतरली होती. दोन पाकिस्तानी वैमानिक हवाई छत्रीने उतरले आणि पकडले गेले. त्यांपैकी एकाचे नाव परवेझ मेहदी कुरेशी.

तीन आठवड्यांनी, १४ डिसेंबर १९७१ रोजी, श्रीनगरच्या तळावर सहा सेबर चालून आली. काश्मीरमधील जुन्या युद्धबंदी करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमाने कायम ठेवली जात नसत. युद्ध सुरू झाल्यावर क्रमांक १८ च्या स्क्वाड्रनची नॅट तेथे आली होती. वैमानिकांना तो डोंगराळ मुलूख आणि ती थंडी नवी होती. हल्ला झाला तेव्हा दोन नॅट उड्डाणासाठी सज्ज होती. फ्लाइट लेफ्टनंट घुमन पुढे, आणि त्यांच्यामागे लुधियाना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. धावपट्टीवर बाँब पडत असतानाच सेखों यांचे विमान वर उडाले. पुढचे विमान धुक्यात आणि धुरळ्यात दृष्टीआड झाले. आकाशात एकीकडे सहा सेबर आणि दुसरीकडे सेखोंचे एकच चिमुकले विमान, असा तो सामना झाला.

सेखों पळून जाऊ शकले असते, पण ते गेले नाहीत. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर ती झुंज चालली. त्यांना मिळालेल्या प्रशस्तीपत्रात त्यांनी एका सेबरला मारा केल्याची आणि दुसऱ्याला आग लावल्याची नोंद आहे. पाकिस्तानने आपली सर्व विमाने परतल्याचे सांगितले. अखेर संख्येपुढे त्या एकट्या विमानाचे बळ संपले. नॅटचे अवशेष एका घळीत सापडले. सेखों यांचा देह पुष्कळ शोध घेऊनही मिळाला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. भारतीय हवाई दलातील कोणालाही मिळालेले हे एकमेव परमवीरचक्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील परमयोद्धा स्थळी इतर परमवीरांबरोबर त्यांचाही अर्धपुतळा आहे. पालमला जाणाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा, कारण विमानाजवळ उभे राहून जे कळत नाही ते त्या तरुण चेहऱ्यापुढे उभे राहिल्यावर कळते. त्यांच्या वयाच्या मुलांची घरोघरी पहिल्या नोकरीची किंवा दुकानाच्या नव्या शाखेची बोलणी चाललेली असतात.

जुळलेल्या नोंदी

हिशेबाच्या जाणकाराला ठाऊक असते की, दोन पेढ्यांच्या वह्या पडताळताना प्रथम जुळणाऱ्या नोंदींवर खूण करायची असते. न जुळणाऱ्यांची चिंता नंतर. युद्धाच्या वह्यांना मात्र वरिष्ठ लेखापरीक्षक नसतो. किती पाडली, किती परतली, कोणी कोणाला शरण आणले, या नोंदी बहुधा कधीच जुळणार नाहीत. साठ वर्षांनंतरही दोन्ही देशांतील अभ्यासक त्यांवर वाद घालत आहेत. तेव्हा जुळणाऱ्या नोंदी कोणत्या, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. त्या थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत.

सेखों यांचे विमान ज्यांच्या गोळ्यांनी पडले ते पाकिस्तानी वैमानिक सलीम बेग मिर्झा यांनी पुढे त्या झुंजीवर लेख लिहिला आणि सेखों यांच्या लढण्याच्या कौशल्याची प्रशंसा केली. ज्याने मारले त्यानेच मरणाऱ्याच्या धैर्याची साक्ष दिली. आपल्या वहीत आपण केलेली नोंद पुढच्या पेढीने स्वतःहून कबूल करावी, याहून भक्कम पुरावा व्यवहारात दुसरा नसतो. सेखों यांनी किती सेबर टिपली याबद्दल दोन वह्या वेगळ्या बोलतील, पण ते कसे लढले याबद्दल दोन्हीकडे एकच नोंद आहे.

दुसरी जुळलेली नोंद बोयराची. तेथे पकडले गेलेले कुरेशी युद्धानंतर मायदेशी परतले, सेवेत चढत गेले आणि १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या झुंजीत समोरच्या बाजूला असलेले डोनाल्ड लाझरस यांनी त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. कुरेशी यांच्याकडून उत्तर आले, आणि त्यात त्या दिवशीच्या भारतीय वैमानिकांच्या लढतीचे कौतुक होते. एकेकाळी एकमेकांच्या नेमाच्या टोकावर असलेली दोन माणसे वृद्धत्वाकडे झुकल्यावर सौजन्याने बोलली. या पत्रांना कोणत्याही संग्रहालयात काचेची पेटी मिळालेली नाही, पण ती पालम आणि कराची या दोन्ही ठिकाणी शोभली असती.

तिसरी जुळणारी नोंद हानीची आहे. चार व्हँपायर गेली, हे दोन्हीकडे मान्य. सिकंद आणि मायादेव पाकिस्तानात कैदेत होते, कुरेशी आणि त्यांचा सहकारी भारतात कैदेत होता, हे दोन्हीकडे मान्य. सेखों परतले नाहीत, हेही दोन्हीकडे मान्य. नफ्याच्या रकान्यात दोन्ही वह्या भांडतात, तोट्याच्या रकान्यात त्या बऱ्याच अंशी सहमत होतात. युद्धाबद्दल यापेक्षा थोडक्यात काही सांगता येईल असे वाटत नाही.

पालमला जाण्याचा बेत असेल त्यांनी संग्रहालय कोणत्या दिवशी उघडे असते ते आधी विचारून घ्यावे. सोबत मुले असतील तर त्यांना नॅटपुढे थोडा वेळ उभे करावे. त्याचा लहानसा आकार त्यांना प्रथम आवडेल, कारण इतर विमानांत हेच त्यांच्या मापाचे वाटते. मग त्यांना सांगावे की, याच जातीचे एक विमान हजार-अकराशे किलोमीटरवर समुद्राकाठच्या एका शहरात आहे, तेथेही मुले येतात आणि तेथेही त्यांना एक गोष्ट सांगितली जाते. आपली गोष्ट अभिमानाने सांगावी. दुसरी गोष्टही आहे, एवढे मात्र त्यांच्यापासून लपवू नये. वही लिहिणाऱ्या घरातील मुलांना हे समजायला फार वेळ लागत नाही.